रत्नागिरीत दोन दिवस: खाजगी गाईड घ्यावा की नको?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रविवार-सोमवार रत्नागिरीत मुक्काम आहे. मोठी चार माणसं (त्यातले दोघे सत्तरीचे) आणि दहा-बारा वर्षांची दोन मुलं. गाडी स्वतःची. यादी अशी: कातळशिल्पं, भाट्ये, रत्नदुर्ग, थिबा राजवाडा, टिळक जन्मस्थान, पतितपावन मंदिर, मत्स्यालय. रविवारी शिल्पं आणि समुद्र, सोमवारी शहर असा बेत आहे. लॉजवाले म्हणतात, "गाईड देतो, दोन दिवसांचे चार हजार." घ्यावा का? नंतर एक दिवस मालवण आहे, तिथलंही कोणी सांगितलं तर बरं.

चिरा
शहरासाठी नको, सड्यासाठी, म्हणजे शिल्पं आहेत त्या उघड्या कातळाच्या माळासाठी, घ्या.

तुमच्या यादीत दोन प्रकारची ठिकाणं आहेत. पतितपावन, भाट्ये, मत्स्यालय, टिळकांचं घर ही स्वतःहून कळणारी. रिक्षावाला नेऊन सोडतो, आत फलक आहेत, आणि मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा बघायला मुलांना कोणी समजावून सांगावं लागत नाही. दुसरा प्रकार कातळशिल्पांचा. ती आडवी, जमिनीवर कोरलेली असतात. माणूस त्यांच्यावर उभा असतो आणि त्याला काही दिसत नाही. तिथे माहितगार नसला तर तासभर उन्हात कातळ तुडवून परत याल.

त्यामुळे दोन दिवसांचे चार हजार हा प्रस्ताव मोडा. अर्धा दिवस, फक्त शिल्पं, असं विचारा. लॉजवाल्याने पाठवलेल्या माणसाच्या पैशात लॉजवाल्याचाही वाटा असू शकतो, म्हणून ज्या गावात शिल्प आहे त्या गावातला माणूस मिळतो का ते आधी बघा. ग्रामपंचायतीत फोन केला तरी काम होतं. गावचा माणूस असला की आणखी एक गोष्ट सुटते: बरीचशी शिल्पं खाजगी जमिनीत आहेत. मालकाला विचारून आत जाणं आणि गडगा ओलांडून घुसणं यात फरक आहे.

सुरंगी
चिरा यांच्याशी सहमत, पण शिल्पं कोणती ते ठरवल्याशिवाय गाईडशी बोलू नका. नाहीतर त्याला सोयीचं ते दाखवेल.

रत्नागिरी तालुक्यात उक्षी आणि जांभरुण. राजापूर तालुक्यात कशेळी, बारसू, देवीहसोळ, रुंढेतळी, देवाचे गोठणे. मालवण तालुक्यात कुडोपी. ही सगळी २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, गोव्यातल्या फणसाईमळसह. अर्ध्या दिवसात सत्तरीच्या माणसांना घेऊन एकच ठिकाण नीट होतं, फार तर दोन.

आजी-आजोबा आहेत म्हणून उक्षी सुचवेन. तिथे एकच मोठा हत्ती आहे, भोवती जांभ्याची भिंत घातली आहे आणि उंचावरून बघायची सोय आहे. वरून बघितल्याशिवाय ही चित्रं कळत नाहीत, आणि बाकी बहुतेक ठिकाणी ती सोय नाही. कशेळीचा हत्ती सर्वांत भव्य, सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या अंगातच मासे, पक्षी, प्राणी अशी सत्तरच्या वर चित्रं. पण ती एकेक करून बोट ठेवून दाखवणारा माणूस सोबत नसेल तर तिथे नुसता खडबडीत कातळ आहे. म्हणजे उक्षीला गाईडशिवाय गेलात तर निम्मं हाती लागेल, कशेळीला काहीच नाही.

पुणेरी पाहुणा
दुपारी जेवून जावं की सकाळी?

सुरंगी
दुपारी अजिबात नाही. कोरलेल्या रेघा काही सेंटिमीटरच खोल आहेत. ऊन तिरपं असताना रेघेच्या एका कडेची सावली पडते, तेव्हाच आकार उठून दिसतो. सूर्य डोक्यावर आला की सावली नाही आणि चित्रही नाही. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा. जो गाईड "साडेअकराला निघू, जेवून येऊ" म्हणेल त्याने शिल्पं नीट बघितलेली नाहीत एवढं समजा.

आणखी एक: काही जण फोटोसाठी रेघांत खडू किंवा रांगोळी भरतात. ते करू देऊ नका, रेघांच्या कडा झिजतात. चपला काढून, रेघ टाळून चालायचं. पावसाळा संपल्यावर सड्यावर गवत असतं, नोव्हेंबरात ते वाळलेलं असतं पण सगळीकडे कापलेलं नसतं. आदल्या दिवशी फोन करून "गवत काढलंय का" हे विचाराच.

शिडाची होडी
"शहरासाठी नको" हे मला पटत नाही. निदान थिबा राजवाड्यासाठी तरी.

राजवाडा म्हणजे रिकाम्या खोल्या, रंगीत काचा, थोड्या वस्तू, मूर्ती. ज्याला गोष्ट ठाऊक नाही तो वीस मिनिटांत बाहेर येतो. गोष्ट मात्र मोठी आहे. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली, तिथल्या थिबा राजाला आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. हा वाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास, आणि राजा गेला १९१६ मध्ये. म्हणजे रत्नागिरीत तीस वर्षं, पण या वाड्यात जेमतेम सहा. आधीची चोवीस वर्षं तो भाड्याच्या बंगल्यांत होता. राणी सुपयालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतली, राजा मात्र इथेच पुरलेला आहे. त्याची कबर वाड्यात नाही, शहरात दुसरीकडे आहे, आणि बहुतेक पाहुण्यांना ती दाखवलीच जात नाही. वाडा, थिबा पॉइंट आणि कबर हे तिन्ही जोडून सांगणारा माणूस मिळाला तर दोन तासांचे पैसे वसूल.

चिरा
@शिडाची होडी, तुम्ही जे सहा ओळींत लिहिलंत तेच आदल्या रात्री मुलांना वाचून दाखवलं की झालं. कबरीचा मुद्दा मान्य. पण त्यासाठी रिक्षावाल्याला "थिबाची समाधी" सांगितलं तरी पुरे.

तुमच्या माहितीचा चांगला उपयोग दुसराच आहे. गाईड ठरवण्याआधी फोनवर विचारा, "राजा या वाड्यात किती वर्षं राहिला हो?" जो "तीस वर्षं" म्हणेल तो पाठ केलेलं बोलतो. जो "पाच-सहाच" म्हणेल त्याच्याशी पुढे बोला.

शिडाची होडी
ही युक्ती आवडली. शहराचं दुसरं माप: "सावरकर रत्नागिरीत कधीपासून कधीपर्यंत होते आणि पतितपावन कोणी बांधलं?" उत्तर: १९२४ ते १९३७ स्थानबद्ध, मंदिर १९३१ चं, पैसा भागोजीशेठ कीर यांचा. भागोजीशेठांचं नाव न घेता मंदिर दाखवणारे भेटतात. टिळकांचं घर दाखवताना "टिळक इथेच वाढले" म्हणणारेही. जन्म १८५६ चा, आणि साधारण दहा वर्षांचे असताना कुटुंब पुण्याला गेलं.

गोदाकाठ
छान माहिती. पण मला सांगा, गाईड घेतला तर पैशाचं नेमकं काय बोलून घ्यायचं? "दोन हजार" यात काय काय येतं?

चिरा
वाद होतात ते इथेच. बोलून नका घेऊ, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. यातलं प्रत्येक सुटं विचारा:

रक्कम माणशी की सगळ्यांची मिळून. तुम्ही सहा जण. "चारशे फक्त" हे माणशी निघालं तर चोवीसशे होतात.

वेळ कुठून मोजायची. "आठ तास" म्हणजे तुमच्या लॉजपासून की त्याच्या घरापासून? तो देवरुखहून येणार असेल तर दोन तास रस्त्यातच गेले.

प्रवेश शुल्क, पार्किंग, गावात काही देणगी द्यायची असेल तर ती, आणि त्याचं जेवण, हे आत की बाहेर.

येणार कोण. फोनवर बोलतो एक आणि सकाळी उभा राहतो त्याचा भाचा, हे नेहमीचं. "तुम्ही स्वतः येणार ना?" हे विचारून नाव लिहून घ्या.

आगाऊ किती. पूर्ण रक्कम आधी देऊ नका. चौथाई पुरे, बाकी संध्याकाळी.

तुमची गाडी आहे, म्हणजे तो तुमच्या गाडीत बसणार. सहा जण आणि सातवा तो. पाच सीटची गाडी असेल तर हा प्रश्न सगळ्यांत आधी सोडवा, कारण सड्याकडे जाणाऱ्या फाट्यांवर तो दुचाकीवर पुढे आणि तुम्ही मागे असं गेलात तर वाटेतलं सगळं बोलणं वाया.

बांगडाफ्राय
आणि दुकानं! "वाटेत आमच्या ओळखीचं काजू-कोकमाचं दुकान आहे" हे वाक्य आलं की कमिशन समजा. वाईट असं काही नाही, पण अर्ध्या दिवसातला पाऊण तास तिथे जातो. सरळ सांगायचं: दुकानं नकोत, हवी असतील तर आम्ही विचारू.

घ्यायचंच असेल तर एवढं बघा. आगळ आणि कोकम सरबत वेगळे. आगळात मीठ असतं, साखर नसते, सोलकढीला तेच लागतं. सरबताचा पाक आगळ म्हणून गळ्यात मारतात, बाटलीमागचे घटक वाचले की कळतं. नोव्हेंबरात कोणी ताजा हापूस दाखवायला बागेत नेत असेल तर झाडं बघून या, तेवढंच.

जिज्ञासू
सरकारी परवाना असलेला गाईड घ्यावा म्हणतात. तसा बिल्ला असतो ना?

शिडाची होडी
असतो. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचे परवानाधारक गाईड असतात, त्यांना ओळखपत्र मिळतं. शिवाय ऑनलाइन शिकून प्रमाणपत्र घेतलेले टुरिस्ट फॅसिलिटेटर असतात. पण अजिंठा-वेरूळला असे जितके भेटतील तितके कोकणात भेटत नाहीत. इथे गाईड म्हणजे बहुधा इतिहासाची आवड असलेला शिक्षक, होडीवाला किंवा ड्रायव्हर. बिल्ला असला तर चांगलं, नसला म्हणून बाद करू नका. उलट बिल्ला आहे म्हणून सड्यावरची वाट माहीत असेलच असंही नाही.

ड्रायव्हर आणि गाईड एकच असला की मात्र सावध. त्याला पार्किंगमध्ये थांबावं लागतं, म्हणून तो "आत जाऊन या, मी इथेच आहे" म्हणतो. पैसे दोन कामांचे, काम एकच.

सुरंगी
शिल्पांवाल्यासाठी चाळणी: "ही कोणी केली?" असं विचारा. "पांडवांनी एका रात्रीत" हे गावात सांगतातच आणि ते ऐकायला गोडही आहे. पण त्यापुढे काही सांगता आलं पाहिजे. काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, काही हजार वर्षांपासून दहा-बारा हजार वर्षांपर्यंत अंदाज आहेत. चांगला माणूस हे असंच सांगतो आणि मग पुरावा दाखवतो: चित्रांत गेंडा, पाणघोडा यांसारखे प्राणी आहेत जे आज इथे नाहीत, आणि शेतीच्या खुणा दिसत नाहीत. जो ठाम आकडा किंवा परग्रहावरची माणसं सांगतो त्याला चहा पाजून निरोप द्या.

देवाचे गोठण्याला गेलात तर होकायंत्र दाखवतील. तिथल्या चित्राजवळ सुई भरकटते. मोबाईलवर बघणार असाल तर आधी कव्हर काढा. चुंबकाचं कव्हर असेल तर सुई घरच्या ओट्यावरही भरकटेल.

कुर्ल्यो
मालवणाचा मी सांगतंय. सिंधुदुर्ग किल्ल्यात जाऊक गाईड जेटीवर शोधू नकात, थंय सगळे होडयेचे आणि स्कुबाचे एजंट. गाईड किल्ल्याच्या दारात गावतत. होडी साधारण तासाभरान परत फिरता, म्हणान पयल्यांदा होडयेवाल्याक परतीचो टाइम इचारा आणि मगे गाईडाक सांगा, "चाळीस मिनिटांत काय दाखवशात?" नायतर अर्धी गजाल रवता नि धावत उठूचा लागता.

गोदाकाठ
@कुर्ल्यो, धन्यवाद! सिंधुदुर्गात गाईड लागेलच का पण?

कुर्ल्यो
चाळीस मिनिटांसाठी व्हयो. दार कसा लपवलाहा ता भायरसून कळाचा नाय, दोन बुरुजांच्या मधी वळण घेवन आत जावचा लागता. मगे शिवराजेश्वराचा देऊळ, महाराजांच्या हाताचो नि पायाचो ठसो, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. समुद्रात आसान विहिरींका पाणी गोडा. तट फिरूचो म्हणशात तर तीन किलोमीटर, म्हाताऱ्या माणसांका जमाचा नाय. गाईडाची परीक्षा: काम कधी सुरू झाला? १६६४ सांगूक व्हया.

शिडाची होडी
अवांतर: वाटेत विजयदुर्ग करणार असाल तर हेलियमची गोष्ट ऐकवली जाईलच. "१८६८ च्या ग्रहणात लॉकियरने याच किल्ल्यावरून हेलियम शोधला." ऐकून घ्या, पण मुलांना खरं सांगा. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये. त्याने सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेघ ऑक्टोबरात तिकडूनच, ग्रहणाशिवाय बघितली. विजयदुर्गावर तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, तीस वर्षांनी. म्हणजे साहेब इथे आला होता हे खरं, हेलियम मात्र आधीच सापडलेला. जो गाईड ही दोन ग्रहणं वेगळी करून सांगेल तो ठेवण्यासारखा.

पुणेरी पाहुणा
थोडं विषयांतर, पण आम्ही त्याच आठवड्यात अलिबागला आहोत. कुलाबा किल्ल्यासाठी गाईड घ्यावा का?

उधाण
गाईडपेक्षा पंचांग घ्या. कुलाब्याला सुकतीला (ओहोटीला) चालत जाता येतं, आणि किल्ल्यात काय बघायचं हे कठीण नाही: पुष्करणी, गणपतीचं देऊळ, उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावरच्या दोन विलायती तोफा. त्यांवरची इंग्रजी अक्षरं मुलांनाही वाचता येतात. चुकतं ते वेळेचं.

मुंबई-अलिबागकडची जुनी रीत अशी: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. तृतीया असेल तर तीनचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनला पूर्ण भरती. पूर्ण सुकती त्याच्या सहा तास आधी, सकाळी सव्वाआठला. वद्य पक्षातही पुन्हा एकपासून मोजायचं. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तासाने पुढे सरकतं.

इथे लोक फसतात ते अष्टमीला. आठचे पाऊणपट सहा, म्हणजे सुकती दुपारी बाराला, किती सोयीची वेळ! पण अष्टमीला भांग असतो, पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. बारा वाजता गेलात तरी वाटेत गुडघाभर पाणी असू शकतं. पूर्ण उघडी वाट उधाणाच्या दिवसांत मिळते, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पण तेव्हा सुकती पहाटे आणि संध्याकाळी सहाला. दोन्ही बाजूंनी जमतं ते द्वितीया ते चतुर्थी, सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान. सुकतीच्या तासभर आधी निघायचं, पाणी फिरल्यावर तासाभरात किनाऱ्याला. घोडागाडीवाल्यांना वेळ विचारून ताळा करून घ्या, आणि तिथीचं गणित ढोबळ आहे हे लक्षात असू द्या. रत्नागिरी-मालवणला ते जसंच्या तसं लावू नका, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते.

जंजिऱ्याचं वेगळं. राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचं, होडीवर किंवा दारात कोणीतरी गाईड म्हणून उभं राहतंच, आणि किल्ला दाखवायला वेळ तासाभरापेक्षा कमी. तिथे होडीतल्या सगळ्यांनी मिळून एक गाईड घेतला की माणशी फार पडत नाही. कलालबांगडी तोफेच्या वजनाचे आणि पल्ल्याचे आकडे दरवेळी वाढतात, ते सोडून द्या.

टपरी
थांबा थांबा. @गोदाकाठ, तुम्ही शहर सोमवारी ठेवलंय. थिबा राजवाड्यात राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे, ते सोमवारी बंद असतं! इतके प्रतिसाद आले आणि कोणी बघितलं नाही.

चिरा
अरे खरंच. लॉजवाल्यानेही सांगितलं नाही, मग तो चार हजारांत देणार होता काय? दिवस उलटे करा.

शिडाची होडी
रविवारी सकाळी राजवाडा, मग समाधी, टिळकांचं घर, पतितपावन. ऊन चढेल तोवर मत्स्यालय, तिथे सावली आहे. मत्स्यालयाची वेळ मात्र फोनवर विचारून घ्या. जेवून आजी-आजोबांना विश्रांती. चारनंतर रत्नदुर्ग: भगवती मंदिराला थोड्या पायऱ्या आहेत, रेलिंग धरून सावकाश होतं. दीपगृह संध्याकाळी ठराविक वेळातच आत बघू देतात, म्हणून तिथे आधी जा. वरून मिरकरवाडा बंदर, एकीकडे पांढरा समुद्र आणि दुसरीकडे मांडवीचा काळा, दोन्ही एकाच जागेवरून दिसतात. याला गाईड कशाला?

गोदाकाठ
बापरे, राजवाड्याचं वाचवलंत. मग असं ठरवतो: रविवार शहर, गाईड नाही. सोमवारी सकाळी उक्षी, गावातला माणूस, अर्धा दिवस. मालवणला किल्ल्याच्या दारात. लॉजवाल्यांना नाही कळवतो. उक्षीला किती वाजता पोचावं?

सुरंगी
साडेसातला गावात, पावणेआठला शिल्पाशी. नऊ-सव्वानऊपर्यंत आकार स्पष्ट दिसतो. तेवढ्यात मुलांना एक काम द्या: आधी सोंड कुठे आहे ती शोधायची, मग पाय मोजायचे. उन्हाच्या टोप्या, आणि मोठ्यांसाठी घरातून एक घडीची खुर्ची. सड्यावर बसायला सावलीचं झाड नाही.

चिरा
आणि नकाशा आदल्या रात्री मोबाईलवर उतरवून ठेवा, सड्यावर रेंज जाते. गाईडला फाट्यावर भेटायचं ठरवलंत तर कोणत्या फाट्यावर ते त्याच्याकडून फोटोसकट मागून घ्या. एकाच गावाच्या नावाची पाटी रेल्वे स्टेशनाला वेगळीकडे आणि गावाला वेगळीकडे नेते.

कुर्ल्यो
पाणी घरसूनच भरून घ्या. थंय दुकान नाय.